परकराखाली वाळत घातलेलं

आमच्या घरात उन्हावर पहिला हक्क पाहुण्यांचा. दिवेआगरला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि तिच्या रस्त्याकडच्या अंगाला आम्ही पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. पुढच्या अंगणात जेवढं म्हणून ऊन उतरतं तेवढ्यात पाहुण्यांच्या चादरी, पाहुण्यांचे टॉवेल, आणि उरलेल्या जागेत हंगामाप्रमाणे सुपारी नाहीतर आमसुलं. माझे आणि लग्न होऊन जाईतो लेकीचे आतले कपडे मागच्या दारी, न्हाणीच्या भिंतीलगत, पोफळींच्या सावलीत. तेही उघड्यावर नाहीत. दोरीवर आधी चड्डी, तिच्यावर परकर, आणि परकर तोकडा पडत असेल तर वरून एखादं जुनं लुगडं. वाडीत शिंपणं करायला गडी येतो, नारळ पाडायला माणूस येतो, त्यांच्या दृष्टीस काही पडता कामा नये. माडावर चढलेल्या माणसाला अख्खा गाव दिसतो, फक्त आमची दोरी दिसत नाही, याचा माझ्या सासूबाईंना कोण अभिमान होता.

कपडे वाळतात की नाही हा प्रश्न कोणी काढत नसे. पावसाळ्यात ते तिथेच दिवसेंदिवस लोंबत, त्यांना कुबट वास यायला लागे, आणि शेवटी दमट असतानाच आम्ही ते चढवत असू. अंगातल्या गरमीने वाळतील अशी आमची समजूत. मग ते मोठं वादळ झालं. आमच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि मागच्या दारी कधी नव्हे ते लख्ख ऊन आलं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? आम्ही परकरावर आणखी एक चादर टाकली. झाडांचा आडोसा गेला होता ना.

ही दोरी सांभाळण्यात मी सासूबाईंच्याही पुढे होते, कारण मी मुळातच टापटिपीची बाई. पाहुणे मोबाइलवर आमच्याविषयी लिहितात त्यात जेवणाचं कौतुक असतंच, पण त्याच्याआधी संडास-बाथरूमचं असतं. ते वाचून मला जो आनंद होतो तो लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. नवरा म्हणतो, आपल्या घरात झुरळ आलंच तर तेसुद्धा पाय धुऊन येत असेल.

आता मूळ दुखण्याकडे येते. माझ्या अंगावरून पांढरं जायचं. वयात आले तेव्हापासून जायचं, आणि ते जातं म्हणजे आपल्याला काहीतरी झालंय हे मला तेव्हापासूनच पक्कं ठाऊक होतं. माहेरी, मुरुडला, आई सांगायची की हाडं झिरपतात आणि ते असं बाहेर पडतं, जपून राहा. मी जपून राहायचे. म्हणजे नेमकं काय करायचे ते आता आठवत नाही. बहुधा आरशात स्वतःकडे कीव करत बघायचे.

हीच आई पुढे गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पाणी जायला लागलं, मग ते लालसर झालं, आणि तिने कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. दुखणं अंगावर काढलं. आम्हाला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिचे पाय दाबत बसायचे आणि ती मला म्हणायची, तुझंपण जातं ना, सांभाळ. तेव्हापासून माझ्या कपड्यावरच्या प्रत्येक डागात मला माझा शेवट दिसू लागला. आपणही आईच्याच वाटेने जाणार, हे मी ठरवून टाकलं.

मरायचं ठरलं की बाईला केवढी कामं पडतात. पाटल्या कोणाला, मसाल्याचं प्रमाण कोणाला सांगून ठेवायचं, हे सगळं मी मनातल्या मनात वाटून टाकलं. नवऱ्याचं दुसरं लग्नही लावून पाहिलं. दर वेळी नवी बायको माझ्यापेक्षा गोरी निघे, पण तिचे मोदक वाफवताना फुटत, आणि तेवढ्यावर मला शांत झोप लागे. डॉक्टरकडे जावं एवढं मात्र होत नव्हतं. सुचत होतं, पण डॉक्टरने 'हो, तेच आहे' म्हटलं तर काय, या भीतीने मी पुन्हा कामाला लागत असे.

तोवर घरचे उपाय चालूच होते. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीने आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या शास्त्रात सगळ्या रोगांचं मूळ एकच, उष्णता. डोकं दुखलं, उष्णता. तोंड आलं, उष्णता. मी नवऱ्याशी भांडले तर तीही उष्णताच. त्या मला रोज सकाळी तांदळाचं धुवण द्यायच्या, वर जिऱ्याची पूड. पाहुण्यांसाठी घरात ढीगभर भात शिजतो, त्यामुळे धुवणाला तोटा नव्हता. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते जास्त जायचं, पातळ, चिकट, ताणलं तर तार धरणारं. मग मी घाबरून धुवणाचा आणखी एक पेला घ्यायचे. काही दिवसांनी ते आपोआप कमी व्हायचं आणि आम्ही दोघी धुवणाचे गुण गायचो. असं किती महिने, किती वर्षं चाललं. दर महिन्याला आजार होत होता आणि दर महिन्याला मी बरी होत होते, यात काही गोम आहे अशी शंकासुद्धा मला आली नाही.

वादळानंतर खोल्या नव्याने उभ्या केल्या, पाहुणे परत यायला लागले, आणि माझ्यातली टापटिपीची बाई या प्रकरणात मध्ये पडली. एखाद्या खोलीला वास आला तर आपण काय करतो? घासतो. मीही तेच सुरू केलं. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, तुरटीचं पाणी झालं, अंगाचा साबण झाला, आणि तेही वरवर नाही, आतपर्यंत. पाहुणे खोल्यांत काय काय विसरून जातात. अर्धवट राहिलेल्या बाटल्या मी टाकत नाही, कारण त्या मागायला कोणी परत येत नाही. एका जोडप्याची अशीच एक गुलाबी बाटली राहिली होती. मी तिच्यातल्या साबणाने बरेच दिवस तोंड धुतलं. नवरा म्हणाला, चेहऱ्यावर तेज आलंय. एकदा चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं तर ती तोंडासाठी नव्हतीच, बायकांच्या खालच्या अंगासाठी होती. मला उलट आनंदच झाला. चेहरा उजळला होता तो उजळला होता, आणि औषध घरबसल्या सापडलं होतं.

अति तिथे माती म्हणतात तसं झालं. खाज सुटली, आग व्हायला लागली, आणि जे जायचं ते आता फुटलेल्या दुधासारखं, गुठळ्या गुठळ्यांचं. मी आणखी जोमाने धुतलं. खाज आणखी जोमाने वाढली. पाहुण्यांना वाढता वाढता मी एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत असे. एका लहान मुलीने भर पंगतीत आपल्या आईला विचारलं, या काकूंना शू लागलीय का. मी हसून तिला आणखी एक मोदक वाढला. आजवर जे होतं ते निदान ओळखीचं होतं. हे नवीन होतं, आणि नवीन म्हणजे माझ्या लेखी आईचंच दुखणं दारात आलं होतं.

श्रीवर्धनला एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा बायकांच्या डॉक्टर येतात. येतात पनवेलहून. अडचण अशी की त्या माझ्या पाहुण्या. दोन सुट्ट्यांत मुलाबाळांसह आमच्याकडे राहून गेलेल्या, माझ्या हातचे मोदक खाल्लेल्या. ज्या बाईने आमच्या बाथरूममधून बाहेर येऊन, काकू, इथे तर जेवायला बसावं, असं म्हटलं होतं तिच्यापुढे मी हे काढून दाखवायचं? पाहुण्यांपुढे घरातलं उणं काढू नये अशी आम्हाला शिकवण, आणि हे तर घराच्याही आतलं. पण खाजेपुढे शिकवण टिकत नाही. नव्या चादरी बघून येते असं घरी सांगून मी निघाले.

दवाखाना एसटी स्टँडच्या समोर. बाहेरच्या बाकावर बसलं की येणारी-जाणारी प्रत्येक बस आपल्याकडे बघून जाते. मला तिथे आमची मासळीवाली दिसली, बँकेतला कारकून दिसला, नवऱ्याचा चुलतभाऊ दिसला. त्या प्रत्येकाला, कोणी न विचारता, मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. आतून नोंद करणारी मुलगी आली आणि तिने खणखणीत आवाजात काय तक्रार आहे ते विचारलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी तिलाही गुडघेच सांगितले.

डॉक्टरांनी मला ओळखलं, मोदकांची आठवण काढली, मग हातातल्या कागदाकडे बघून त्या गोंधळल्या.

"काकू, गुडघ्यांसाठी माझ्याकडे?"

"गुडघ्यांच्या जरा वर," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. उठून दार लावून आल्या आणि जवळ बसल्या. मग मी जी सुटले ती थांबेचना. हाडं, धुवण, तुरटी, गुलाबी बाटली, परकराची दोरी, आणि सगळ्यात शेवटी आई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं, पिशवीच्या तोंडाशी कापसाच्या काडीसारखं काहीतरी फिरवून तपासणीसाठी नमुना घेतला. मग म्हणाल्या की आता जी खाज आहे ती बुरशीची आहे, आत ठेवायच्या गोळ्या देते, बरी होईल.

"आणि आधीचं? एवढी वर्षं जातंय ते?"

"ते जायलाच हवं, काकू. तोंडात लाळ असते तसं ते आहे. लाळेने हाडं झिजतात का?"

त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. ती जागा स्वतःची स्वतः साफ होत असते आणि जे बाहेर येतं ते तिचं धुतलेलं पाणी. पांढरं, दुधी, पाण्यासारखं, कपड्यावर वाळल्यावर जरासं पिवळट, सगळं ठीक. महिन्याच्या मध्ये ते पातळ आणि तार धरणारं होतं, पाळीच्या आधी दाट होतं, गरोदरपणी वाढतं, पाळी जायच्या वयात कमी होतं. थोडासा वास प्रत्येकीला असतो. आत चांगले जंतू असतात, ते पहारा देतात, आणि मी साबण-तुरटीने रोज त्यांनाच हाकलून देत होते. पहारेकरी गेल्यावर बुरशीला मोकळं रान मिळालं. वर दमट कपडे. परकराखाली कपडे वाळत नाहीत, काकू, तिथे बुरशी वाढते, असं त्या म्हणाल्या. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीही घालायचं नाही, सुती कपडे, कडक ऊन.

मग कधी यायचं ते सांगितलं. खाज, आग, दह्यासारख्या गुठळ्या. हिरवट, करडं नाहीतर फेसाळ जाणं. ओटीपोटात दुखणं, ताप, लघवीला जळजळ. दरवेळी कारण निराळं असतं, म्हणून दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणायच्या नाहीत. आणि वास. मासळीसारखा वास येतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी विचारात पडले. कुठल्या मासळीसारखा, ओल्या की सुक्या? आमच्याकडे बोंबलाचा वास वेगळा, जवळ्याचा वेगळा. त्या म्हणाल्या, खराब झालेल्या. खराब मासळी मी घरात येऊच देत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तेव्हा मात्र त्या हसल्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं. हे तुमच्या आईचं नाही, म्हणाल्या. पण पाळीच्या मध्ये रक्त दिसलं, संबंधांनंतर दिसलं तर यायचं. आणि पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी लाल, गुलाबी, तपकिरी दिसला, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. तुमच्या घरात हे झालेलं आहे, तुम्ही तर नक्कीच.

मी मान डोलावली, पण ते शेवटचं माझ्या कानांवरून गेलं. मी मरणार नव्हते. एवढ्या वर्षांची तिरडी खांद्यावरून उतरली होती. बसमध्ये खिडकीशी बसून मी एकटीच हसत होते, आणि चादरी घ्यायच्या राहिल्याच.

दुसऱ्याच दिवशी मी पुढच्या अंगणात नवी दोरी बांधली आणि माझे आतले कपडे पाहुण्यांच्या चादरींच्या शेजारी, भर उन्हात, उघडे वाळत घातले. आत्याबाई ओटीवर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. "सुपारीच्या शेजारी?" एवढंच म्हणाल्या. मग बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा अंगणातून जाताना आभाळाकडे बघत जाई. पाहुण्यांचं मात्र कोणाचं लक्षही गेलं नाही. त्यांच्या शहरात बाल्कन्यांमधून काय काय वाळत असतं ते मला पुढे लेकीकडे गेल्यावर दिसलं. हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आत्याबाई नऊवारीवाल्या, आत काही न घालणाऱ्या, त्यांना हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मागची दोरी ओसाड पडली. तिच्यावर फक्त फरशीची फडकी लोंबायची.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली. आमचा बायकांचा बचत गट आहे, आम्ही आमसुलं करून विकतो. तिथे आमसुलं उलटता उलटता मी शिकवणी सुरू केली. पेजेसारखं जातं ते चांगलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं जातं तेही चांगलं. फुटक्या दुधासारखं झालं की डॉक्टर. रंग नि वास बदलला की डॉक्टर. पाळी गेल्यावर लाल दिसलं की पळत डॉक्टर. बायका आधी एकमेकींच्या पाठीमागे तोंड लपवून हसल्या, मग एकेक जण मला विहिरीपाशी गाठायला लागली. एकीच्या ओटीपोटात कितीतरी दिवस दुखत होतं, तिला मी स्वतः श्रीवर्धनला घेऊन गेले. तिला औषध मिळालं, डॉक्टरांनी तिच्या नवऱ्यालाही गोळ्या दिल्या आणि ती बरी झाली. आणखी एकीने माझ्या व्याख्यानानंतर पेज खाणं कायमचं सोडलं. आत्याबाईंनी उष्णतेचं नाव काढलं की मी चारचौघींत त्यांची खेचायचे. त्या ऐकून घ्यायच्या. गावात मला कोणी डॉक्टरीण म्हणत नव्हतं, पण म्हणतील म्हणून मी कान लावून होते.

मधल्या काळात माझी पाळी गेली, ती गेलीच. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग ऐन सुट्टीच्या हंगामात, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना, एका सकाळी चड्डीवर डाग दिसला. फिकट, गुलाबी, पाण्यात कुंकू सांडल्यासारखा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी त्या डागाकडे बघून लगेच निदान करून टाकलं. धावपळ झाली असेल. काल वडे जास्त खाल्ले. पाहुण्यांची जड बॅग उचलली. विहिरीपाशी दुसऱ्या कोणी हे मला सांगितलं असतं तर मी तिला हाताला धरून एसटीत बसवली असती. स्वतःला मात्र मी सांगितलं की हंगाम संपू दे. दोन दिवसांनी पुन्हा दिसलं. मी चड्डी धुतली, घासली, डाग पुरता गेला नाही. आणि ती घेऊन मी पुढच्या अंगणात न जाता मागच्या दारी गेले. फरशीची फडकी बाजूला केली, चड्डी दोरीवर टाकली, वर परकर टाकला आणि त्याच्या कडा सारख्या केल्या.

आईने का सांगितलं नाही ते मला त्या क्षणी कळलं. मी आजवर समजत होते की तिला माहीत नव्हतं. तिला चांगलं माहीत होतं. सांगितलं की ते खरं होतं, म्हणून तिने सांगितलं नाही.

मी पाहुण्यांच्या नाश्त्याचं बघायला आत गेले. घावणे घालत होते तर मागच्या दाराने आत्याबाई आल्या. त्यांच्या हातात परकर होता.

"मागल्या दोरीवर परकर कसा?" त्यांनी विचारलं.

पुढे ऊन फार होतं, असं काहीतरी मी म्हटलं. हे मी, जिने उन्हासाठी सासूचा अबोला ओढवून घेतला होता. आत्याबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी सगळा जन्म कपड्यावर कपडा टाकून पाळीची फडकी लपवली होती. परकर कशावर टाकतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"तुजी पाळी ग्येली न्हाय का गो?"

"गेली."

"मग परकराखालच्या कापडाला ह्यो डाग कसला?"

मी तव्यावरचा घावणा काढला. तोंडातून निघालं, "उष्णता असेल."

मला वाटलं, आता एवढ्या वर्षांचं उट्टं काढतील. हक्कच होता त्यांचा.

"उष्णता मी म्हनायची," त्या म्हणाल्या. "तू न्हाय. लुगडं बदल, चल."

मी पाहुण्यांचं कारण सांगितलं. दुपारचं जेवण आहे, संध्याकाळी नवीन लोक यायचेत. पाव खातील, असं आत्याबाईंनी सांगून टाकलं आणि ओटीवर बसलेल्या पाहुण्यांना स्वतः जाऊन सांगितलं, सूनबाईला बरं न्हाय, आज चूल बंद. आमच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कधी घडलं नव्हतं. नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. तो डॉक्टरांचा श्रीवर्धनचा दिवस नव्हता, तर आत्याबाई म्हणाल्या, जिथं असंल तिथं जाऊ. त्या आयुष्यात पनवेलला पहिल्यांदा गेल्या त्या अशा, वाटेत दोनदा ओकत, पण एकदाही उतरून मागे फिरू म्हणाल्या नाहीत.

पनवेलला डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पिशवीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत मी पाटल्यांचा विचार केला नाही, नवऱ्याचं लग्नही लावलं नाही. खोटं मरण फार सोपं असतं, त्यात वेळ चांगला जातो. खऱ्याच्या भीतीत मला एक भाकरी धड थापता येत नव्हती. आत्याबाई माझ्या हातून पीठ काढून घेत आणि स्वतः थापत. धुवणाचं नाव त्यांनी काढलं नाही.

निकाल बघायला डॉक्टरांनी श्रीवर्धनलाच बोलावलं. आत्याबाई याही वेळी वाटेत ओकत बरोबर आल्या, पण आत यायला तयार झाल्या नाहीत, बाकावर बसल्या. डॉक्टरांनी कागद वाचला, आणि माझ्याकडे बघून आधी म्हणाल्या, घाबरू नका. अस्तर वाजवीपेक्षा जाड झालं होतं आणि त्यातल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर झालेला नव्हता, पण असंच राहू दिलं असतं तर पुढे होण्याची भीती मोठी होती. पिशवी काढून टाकायची, म्हणजे ती वाटच बंद. वेळेवर आलात, काकू, असं त्या म्हणाल्या. मी आले नव्हते, मला आणली होती.

बाहेर आत्याबाई आपली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली. अस्तर कसं असतं, पेशी म्हणजे काय, ऑपरेशन कुठे, नंतर किती दिवस जड उचलायचं नाही. शिकवण्याची खोड अशी थोडीच जाते. आत्याबाईंनी त्यातलं काही ऐकलं नाही. मध्येच त्यांनी माझा दंड धरला.

"म्हंजे तू ऱ्हातेस ना गो?"

माझ्या आईला हे विचारायला कोणी नव्हतं, कारण तिने कोणाला कळूच दिलं नव्हतं. मला विचारणारं माणूस माझ्या शेजारी बसलं होतं, उलटीच्या वासाची पिशवी मांडीवर घेऊन.

"राहते, आत्याबाई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. त्यांनी पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग त्याच पदराने स्वतःचं. बस लागेपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.